स्कूटरपासून नऊ फूट चार इंच

गल्लीत ड्रेनेजची लाइन येणार हे कळल्यावर अकरांपैकी दहा घरांनी मुकादमाला चहा पाजला, आणि अकराव्या घरातून एक गृहस्थ टेप घेऊन बाहेर आले. रस्त्यातला चर त्यांनी स्वतः मोजला, एक डोळा मिटून उतार पाहिला आणि मुकादमाला म्हणाले, "पाऊण इंच कमी आहे."

मुकादम रस्ते खणण्यातच केस पांढरे केलेला माणूस. तो म्हणाला, "साहेब, पाणी जाईल."

"जाईल हो. पण पाऊण इंच कमी उताराने जाईल," असं म्हणून गृहस्थ आत गेले आणि दार लावून घेतलं.

हे आपले इंचकाका. मोजणी खात्यात एकतीस वर्षं काढली, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण टेप काही खिशातून निघाला नाही. पलंग सरकवायचा म्हटलं की दुसरी माणसं 'जागा पुरणार नाही' म्हणतात. हे 'सव्वा फूट कमी पडतोय' म्हणतात, आणि वैताग असा, की सव्वा फूटच कमी पडत असतो. इंचकाका हे नाव गल्लीने ठेवलेलं. ते त्यांच्या कानावर गेलेलं नाही असा गल्लीचा समज आहे आणि त्यांनीही तो मोडलेला नाही. घरात त्यांना 'अहो' म्हणतात, त्यामुळे तिथे काही अडत नाही.

आता असल्या माणसाच्या घरात सेप्टिक टाकी कशी नांदत असेल, ते तुम्हीच ओळखा. गल्लीत प्रत्येकाची आपापली टाकी होती, आणि लोक ती झाकण टाकून विसरून गेले होते. इंचकाका विसरले नव्हते. फिनेल घरात आणायचं नाही, टाकीतले जंतू मरतात. कपड्यांचं पाणी परसात सोडायचं. राहायला पाहुणे दोनच, आणि तेही तीन दिवस. "शिस्त असली की टाकी भरत नाही," असं ते चारचौघांत सांगायचे. बावीस वर्षांत एकदाही टाकी उपसली नाही याचा त्यांना अभिमान होता. आता अभिमान कशाचा बाळगावा हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, आपण कशाला बोला.

या सगळ्यात एकदाच विघ्न आलं होतं. आठ वर्षांपूर्वी काकूंची थोरली बहीण, ताई, चार दिवसांसाठी आल्या होत्या. ताईंना अंघोळीला दोन बादल्या लागतात, लहानपणापासूनची सवय. तिसऱ्या दिवशी संडास तुंबला आणि सगळं वर आलं. इंचकाका ताईंना तोंडाने एक शब्द बोलले नाहीत, माणूस सभ्य. त्यांनी फक्त एक जाड कागद घेतला, त्यावर नकाशावर लिहितात त्या अक्षरात 'कृपया एका वेळी एकच बादली' असं लिहिलं, खाली पट्टी लावून रेघ ओढली आणि कागद न्हाणीघराच्या दाराला चिकटवला. ताईंनी तो वाचला. "अक्षर छान आहे हो तुमचं," म्हणाल्या आणि दुपारच्या गाडीने परत गेल्या. त्यानंतर फोन यायचे, विचारपूस व्हायची, सगळं गोड होतं. पण ताई पुन्हा आल्या नाहीत.

काकू यावरून नवऱ्याशी भांडल्या नाहीत. त्यांनी कागदही काढला नाही. आठ वर्षं रोज अंघोळीला जाताना इंचकाकांना तो वाचावा लागायचा, आणि त्यांची आपली समजूत अशी, की बायकोला मजकूर पटलेला आहे.

तर यंदा ताईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. ताईंना मूलबाळ नाही, यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. शनिवारी हॉस्पिटलातून सोडणार आणि पुढे दोन महिने कुणीतरी हाताशी हवं. काकूंनी रविवारी सकाळी चहाचा कप नवऱ्यापुढे ठेवला आणि समोर बसल्या. काकू सहसा समोर बसत नाहीत.

"ताई इथे येणार आहे," त्या म्हणाल्या. "तीन आठवडे विनवण्या केल्या तेव्हा कुठे हो म्हणाली. ती यायच्या आधी ड्रेनेजची जोडणी झाली पाहिजे. ती या घरात बादल्या मोजत राहणार नाही."

"प्रयत्न करू की."

"प्रयत्न नको. झाली नाही तर मी तिच्याकडे जाते. दोन महिने. तुम्ही आणि तुमची टाकी बसा इथे."

हे त्या आवाज न चढवता म्हणाल्या, आणि काकूंनी आवाज चढवला नाही की इंचकाका समोरचा चहा प्यायचा विसरतात. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत बायको दोन दिवसांच्या वर कुठे राहिलेली नव्हती, आणि साखरेचा डबा कुठे असतो हेही या गृहस्थाला माहीत नव्हतं. मुळात मोजायचं सोडून दुसरं काही त्यांना येत नाही हे एक त्या जाणून होत्या आणि एक ते स्वतः.

"आणखी एक," काकू उठता उठता म्हणाल्या. "तिला तुमची नकाशांची खोली लागेल. न्हाणीघराला लागून तीच एक आहे."

"बघू," इंचकाका म्हणाले. या घरात 'बघू' म्हणजे नाही.

सोमवारी ते ड्रेनेजच्या कचेरीत गेले. जोडणीच्या फॉर्ममध्ये एकोणीस रकाने होते. नियम असा, की जुनी टाकी उघडायची, उपसायची, मुरूम टाकून बुजवायची, हे सगळं कचेरीच्या माणसाला दाखवायचं आणि मगच जोडणी मिळणार. सातव्या रकान्यात 'जुन्या टाकीचे ठिकाण (शक्य असल्यास नकाशा)' असं होतं. बाकीच्या दहा घरांनी तिथे 'मागे', 'पुढे', 'जिन्याखाली' असं लिहून सही ठोकली होती. इंचकाकांना त्यांची कीव आली. त्यांनी पिशवीतून गुंडाळी काढली आणि टेबलावर पसरली. टाकी बांधली तेव्हा स्वतः काढलेला, काळ्या शाईतला, उत्तर दिशेच्या बाणासकट नकाशा होता.

टेबलापलीकडे एक तरुण इंजिनिअरबाई होत्या. त्या नकाशावर वाकल्या. "काका, इतका सुंदर नकाशा या टेबलावर आजवर आलेला नाही."

इंचकाका थोडे ताठ बसले.

"फक्त हे कळलं नाही. 'खूण क्रमांक एक' म्हणजे काय?"

"ती स्कूटर."

"स्कूटर?"

"शेजारच्या कंपाउंडरांची. तिच्या मागच्या चाकापासून टाकीचा मध्य नऊ फूट चार इंच."

इंजिनिअरबाईंनी पेन खाली ठेवलं.

आता इंचकाकांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. माप नेहमी न हलणाऱ्या खुणेपासून घ्यावं, हा खात्याचा पहिला धडा. टाकी बांधली तेव्हा गल्लीत होतं काय? कुंपणं तारेची, आज आहेत उद्या नाहीत. झाडं कुणीही तोडतो. घरं अर्धवट. पण शेजारच्या तारेला लागून कंपाउंडरांची बंद पडलेली स्कूटर सहा वर्षं स्टँडवर उभी होती. चाकं मातीत रुतलेली, सीटवर शेवाळ. कंपाउंडर ती दुरुस्त करणार नव्हते, विकणार नव्हते आणि 'पुढच्या महिन्यात बघतो' असं दर महिन्याला म्हणत होते. त्या अख्ख्या गल्लीत तिच्याइतकं स्थिर दुसरं काही नव्हतं. इंचकाकांनी हे सगळं इंजिनिअरबाईंना सविस्तर समजावून सांगितलं.

"आणि आता ती स्कूटर कुठे आहे?"

"विकली. अकरा वर्षं झाली."

बाई हसल्या नाहीत. इंचकाकांनी पुढे हे काकूंना मुद्दाम सांगितलं. "काका, स्कूटर गेली, टाकी कुठे गेलेली नाही," बाई म्हणाल्या. "शोधा. गुरुवारी संध्याकाळी मी तुमच्या गल्लीत शेवटची येईन. शुक्रवारी चर बुजवून रस्ता डांबरी होणार. त्यात तुमचं राहिलं तर मग पुढचा टप्पा."

"तो केव्हा?"

"दोन वर्षांनी."

शोधायचं काय त्यात, असंच इंचकाकांना वाटलं होतं. स्कूटर कुठे उभी असायची हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. त्यांनी टेप लावला, नऊ फूट चार इंचांवर परसात खुंटी ठोकली आणि मुकादमाने उसने दिलेले दोन गडी कामाला लावले. चार फूट खणलं. माती निघाली. पुढे आणखी माती निघाली. शेवटी काकूंची एक सांडशी निघाली. वीस वर्षांपूर्वी ती हरवली तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता. काकूंनी ती धुतली, पुसली आणि ओट्यावर ठेवली.

खड्डा पडला की लोक जमतात. आणि जमलेला माणूस सल्ला दिल्याशिवाय हलत नाही. सगळ्यात आधी आले ते कंपाउंडर. दवाखान्यात आयुष्य गेल्यामुळे ते कुठलाही सल्ला डोसात देतात. "घाई करू नका. सकाळी एक खड्डा, संध्याकाळी एक. तीन दिवस बघा, नाही गुण आला तर जागा बदलू." मग समोरच्या शिलाईबाई मान वेळावत आल्या. त्यांचं म्हणणं, की जिथे गवत हिरवंगार तिथे टाकी, त्यांच्या आत्याच्या घरी तसंच निघालं होतं. परसात कोपऱ्यात खरंच हिरवंगार गवत होतं. तिथे खणलं तेव्हा कळलं, की पाण्याचा मीटर दोन वर्षं गळतोय.

मंगळवारी कंपाउंडर एक लांब सळई घेऊन आले. "छाती भरली की बोटाने वाजवून कळतं," ते म्हणाले. "जमिनीचंही तेच." त्यांनी जागोजागी सळई ठोकून कान लावला, पाचव्या ठिकाणी चेहरा उजळला, "इथे पोकळ आहे," म्हणाले आणि जोर लावला. ती गल्लीची पाण्याची पाइपलाइन होती. पाणी पुरुषभर उंच उडालं आणि तासाभराने अकराही घरांचे नळ कोरडे पडले. दुपारी लोक बादल्या घेऊन इंचकाकांच्या दारात रांगेत उभे, कारण पाणी तेवढं तिथेच होतं. ज्या माणसाने बावीस वर्षं बादल्यांवर पहारा केला त्याच्या अंगणातून त्या दिवशी गल्लीने किती बादल्या नेल्या, ते मोजायचीही कुणी तसदी घेतली नाही.

बुधवारी सकाळी परसात पाच खड्डे होते आणि टाकी नव्हती. मुकादम खड्ड्याच्या कडेला उभा राहून बराच वेळ पाहत होता. मग अगदी साध्या मनाने त्याने विचारलं, "साहेब, आपण मोजणी खात्यातच होतात ना?"

इंचकाका घरात आले. पलंगावर काकूंची बॅग उघडी पडली होती आणि त्यात कपड्यांच्या घड्या होत्या. काकू तिथे नव्हत्या, स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. इंचकाका बॅगेकडे पाहत उभे राहिले. त्यांना वाटलं घड्या उचलून कपाटात ठेवाव्यात. पण कुठल्या कप्प्यात ठेवायच्या ते त्यांना माहीत नव्हतं, म्हणून ते पुन्हा बाहेर आले.

"स्कूटर आणा," ते कुंपणापलीकडे कंपाउंडरांना म्हणाले.

"कुठली?"

"हल्लीची. तीच उभी करून बघू. चूक मापात नसणार. चाकाची जागा चुकतेय."

कंपाउंडरांनी आपली नवी स्कूटर ढकलत आणली आणि तारेला लावून उभी केली. इंचकाका म्हणाले चार बोटं मागे, कंपाउंडर म्हणाले दोन बोटं. शिलाईबाई म्हणाल्या तोंड त्या बाजूला असायचं. बराच खल झाला. शेवटी कंपाउंडरांच्या बायकोने स्वयंपाकघराच्या खिडकीतून, हातातलं काम न सोडता, आवाज दिला.

"अहो, आधी तिथे कुठे होती? त्या पलीकडच्या टोकाला होती. हलवली नव्हती का आपण, यांची वाळू टाकायची म्हणून?"

सगळ्यांनी कंपाउंडरांकडे पाहिलं.

"हो की," कंपाउंडर म्हणाले. "तुमची ती नकाशांची खोली बांधायला काढलीत, तेव्हा वाळूचा ट्रक आत येईना. मग मीच दोन माणसं लावून सरकवली इकडे. आठ फूट असेल. म्हटलं, शेजाऱ्याचं काम आहे."

"मला बोलला नाहीत."

"तुम्ही बाहेरगावी कॅम्पवर होतात. आणि काही म्हणा, स्कूटर माझीच होती हो."

इंचकाकांनी डोळे मिटले. हिशेब त्यांना कागदाशिवाय जमतो. खोली बांधली तेव्हा ते चार महिने मोजणीच्या कॅम्पवर होते आणि नकाशा पोस्टाने पाठवला होता. त्यात खोलीची भिंत स्कूटरपासून पंधरा फुटांवर दाखवली होती, म्हणजे टाकीला धक्का लागत नाही. गवंड्याने इमानेइतबारे पंधरा फूट मोजले, पण सरकलेल्या स्कूटरपासून. स्कूटर आठ फूट सरकली म्हणून खोली आठ फूट सरकली आणि नेमकी टाकीवर जाऊन बसली. पाया खणताना गवंड्याला टाकीची कड दिसली असणारच. पण नकाशात टाकी तिथे नव्हती, आणि मोजणीसाहेबांच्या नकाशावर शंका घेणारा तो कोण? इंचकाका परत आल्यावर त्यांनी स्वतः टेप लावून पाहिलं होतं. बरोबर पंधरा फूट होते. त्यांनी गवंड्याची पाठ थोपटली होती.

ते नकाशांच्या खोलीत गेले. मागोमाग कंपाउंडर सळई घेऊन, मुकादम, शिलाईबाई. कंपाउंडरांनी या वेळी सळई हळूच टेकवली. भिंतीशी फरशी बद्द वाजली, कपाटापाशी बद्द वाजली. टेबलामागे, जिथे इंचकाकांची खुर्ची होती, तिथे पोकळ वाजली. खुर्ची सरकवून पुन्हा वाजवली. पोकळ.

अठरा वर्षं ते या खुर्चीत बसत होते. न्हाणीघराच्या दारावरच्या त्या कागदाचं लेखनही इथेच बसून झालं होतं.

बाकीचे आपापसात कुजबुजत होते, पण इंचकाकांना ऐकू येत नव्हतं. टाकी भरत नव्हती ती शिस्तीमुळे नाही. ती भरली होती. आठ वर्षांपूर्वी माणूस बोलावला होता, त्याने बाहेरचा चेंबर उघडून बोळा काढला आणि टाकी कुठे आहे विचारलं, तेव्हा यांनीच म्हटलं होतं, टाकी बघायची गरज नाही. ती कधी उपसलीच नव्हती, म्हणून सगळं वर आलं होतं. दोन बादल्यांचा काही संबंध नव्हता. दाराशी काकू उभ्या होत्या.

"अगं," इंचकाका म्हणाले, "ताईंचं काही चुकलं नव्हतं."

"मला माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तुमच्याकडे नकाशा होता."

पुढचा दीड दिवस त्या घरात जे झालं ते थोडक्यातच सांगितलेलं बरं. एकतीस वर्षांच्या गुंडाळ्या खोलीतून निघाल्या आणि पलंगाखाली, फळ्यांवर, काही तर कंपाउंडरांच्या ओसरीवर जाऊन पडल्या. मुकादमाने फरश्या जपून उचलल्या. सक्शनची गाडी आली, तिचा जाड पाइप खिडकीतून आत घेतला, आणि अठरा वर्षं दाबून ठेवलेलं सत्य गल्लीच्या नाकापर्यंत पोचलं. शिलाईबाईंनी त्या दिवशी दुकान उघडलं नाही. टाकी रिकामी झाली, मुरूम पडला. गुरुवारी सकाळी इंचकाका दाखल्यासाठी कचेरीत गेले, तर तिथल्या कारकुनाने नवव्या रकान्यावर बोट ठेवलं. 'टाकी उघड्या जागेत आहे काय? होय / नाही.'

"खोलीत आहे," इंचकाका म्हणाले. खोटं त्यांना येत नाही.

"म्हणजे 'नाही'. मग बांधकाम विभागाची परवानगी लागेल. कामाचे आठ दिवस."

"मला आज संध्याकाळी जोडणी हवीय."

"रकाना मी बनवलेला नाही, साहेब."

दुसरा कुणी असता तर भांडला असता, ओळख काढली असती. इंचकाकांनी फॉर्म उलटा केला. फॉर्मच्या मागची बाजू आजवर कुणी वाचली असेल तर ती छापणाऱ्यानेच. तिथे बारीक अक्षरात व्याख्या होत्या. व्याख्या तीन: 'उघडी जागा म्हणजे जिच्यावर छप्पर नाही अशी जागा.' ती त्यांनी दोनदा वाचली, फॉर्मची घडी घातली आणि थेट घरी येऊन मुकादमाला म्हणाले, "पत्रे काढा."

"कशाचे?"

"खोलीचे. सगळे."

मुकादमाने त्यांच्याकडे पाहिलं, मग काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान हलवली.

चार वाजता इंजिनिअरबाई आल्या. नकाशांच्या खोलीत भिंतीवर घड्याळ होतं, निरोप समारंभात मिळालेलं मानपत्र होतं, खुंटीला छत्री होती आणि वर स्वच्छ आभाळ होतं. बाईंनी सावकाश मान वर केली आणि खाली आणली.

"काका, ही खोली आहे."

"ही उघडी जागा आहे. मागच्या बाजूची व्याख्या तीन बघा."

बाईंनी पाहिली. "दार आहे हिला."

"दार अंगणालाही असतं."

"मानपत्र?"

इंचकाकांनी मानपत्र उतरवून काखेत धरलं. बाईंनी 'होय'वर खूण केली आणि सही केली. दाराशी थांबून त्या म्हणाल्या, "पत्रे परत बसवणार असाल ना?"

"उद्या सकाळी."

"ते मी ऐकलेलं नाही," बाई म्हणाल्या आणि गेल्या.

उन्हं उतरताना मुकादमाने घरातला पाइप गल्लीच्या लाइनला जोडला. इंचकाका चरात उतरून उतार तपासायची पाण्याची पट्टी लावून बसले. पट्टीतला बुडबुडा किंचित डावीकडे होता. त्यांनी तोंड उघडलं. मग काकू ओसरीवर उभ्या आहेत ते त्यांना दिसलं, आणि त्यांच्या मागे, आतल्या पलंगावरची ती बॅग.

"पाणी जाईल ना?" त्यांनी मुकादमाला विचारलं.

"जाईल, साहेब."

"मग झालं तर," असं म्हणून त्यांनी पट्टी खिशात टाकली. मुकादमाला हे इतकं अनपेक्षित होतं, की त्याने स्वतःच पुन्हा एकदा उतार तपासला.

शनिवारी ताई आल्या. चौकटीचा वॉकर पुढे ठेवत, एकेक पाऊल टाकत. नकाशांच्या खोलीत पत्रे परत आले होते, फरश्या परत आल्या होत्या, गुंडाळ्या मात्र आल्या नव्हत्या. खिडकीशी ताईंचा पलंग होता. एक फरशी पाव इंच वर राहिली होती. वॉकर अडेल म्हणून इंचकाका सकाळी तासभर गुडघ्यांवर बसून ती ठोकत होते.

जरा टेकून झाल्यावर ताई अंघोळीला निघाल्या. काकू टॉवेल घेऊन मागे. न्हाणीघराच्या दाराशी ताई थबकल्या. दाराचा रंग उडालेला होता आणि मधोमध एक चौकोन तेवढा नव्यासारखा होता.

"पाटी कुठे गेली हो?" त्यांनी विचारलं.

इंचकाकांनी यासाठी एक वाक्य तयार करून ठेवलं होतं. ते ऐन वेळी आठवलं नाही.

"ताई, टाकी माझ्या खुर्चीखाली होती," ते म्हणाले. "अठरा वर्षं. मीच तिच्यावर खोली बांधली आणि तिला कधी उपसलं नाही. तुमच्या बादल्यांनी काही झालं नव्हतं. चूक माझी होती. मी कागद लावला, आणि तुम्ही यायच्या बंद झालात."

ताई वॉकरला धरून उभ्या होत्या. "मी आले नाही ते रागावून नव्हे हो," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, आपल्यामुळे लोकांच्या घरात घाण झाली. कोणत्या तोंडाने जायचं, म्हणून नव्हते येत. हिला तेवढं सांगता येईना."

काकूंनी टॉवेल एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि भिंतीकडे पाहिलं. इंचकाकांनाही कुठे पाहावं ते कळेना. आठ वर्षं एक माणूस आपल्या घरी बसून स्वतःला दोष देत होता, आणि तो दोष त्यांनी पट्टी लावून लिहून दिला होता. ते तसेच बाहेर ओसरीवर गेले.

आत पाणी पडायला लागलं. इंचकाकांना ते ऐकूनच कळतं. पहिली बादली संपली. नळ पुन्हा सुरू झाला, दुसरी भरली, संपली. मग शांतता. नळ बंद होता आणि काकूंचं आणि ताईंचं काहीतरी हळू आवाजात चाललं होतं. ताई थांबल्या आहेत, हे इंचकाकांच्या लक्षात आलं. ते उठले, अंगणातल्या नव्या चेंबरचं झाकण बाजूला केलं आणि वाकून पाहिलं. साबणाचं पाणी गोल फिरून सरळ गल्लीकडे चाललं होतं.

ते न्हाणीघराच्या खिडकीखाली येऊन उभे राहिले.

"ताई, पाणी व्यवस्थित जातंय," त्यांनी बाहेरून सांगितलं. "घ्या अजून."

आतून ताईंचा आवाज आला. "किती घेऊ?"

इंचकाकांचा हात सवयीने खिशातल्या टेपकडे गेला आणि तिथेच राहिला.

"लागेल तेवढं," ते म्हणाले.

आत नळ पुन्हा सुरू झाला.